अझरबैजानी गीतांतील पक्षिप्रतीक आणि विरहभावना

अझरबैजानी गीतांतील पक्षी म्हणजे विरही प्रियकराचे प्रतीक, असे समीकरण सहज मांडले जाते. फार्सी गझलेतील बुलबुल आणि गुलाब यांच्या अतिपरिचयाचा तो परिणाम होय. परंतु या गीतांतील सर्व पक्षी एकाच अर्थाचे नाहीत.

फार्सी परंपरेतील बुलबुल (आपल्याकडील याच नावाच्या पक्ष्याहून तो निराळा) फुझुलीसारख्यांच्या गझलांतून मुघाम-गायनात रुजला. तो स्वतः गातो. त्याचे गाणे हेच त्याचे दुःख. येथे पक्षी आणि गायक एकरूप होतात. मुर्तुझा मम्मदोव (1897–1961) हा गायक 'बुलबुल' याच नावाने ख्यातनाम झाला, हे या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

क्रौंचाचे स्थान याहून भिन्न आहे. 18व्या शतकातील विदादी आणि वागिफ या दोघांनीही 'गोश्मा' या अकरा अक्षरी चरणांच्या, आशिग गायकांना प्रिय असलेल्या रचनाबंधात क्रौंचांना संबोधून काव्य केले. वागिफ त्यांना क्षणभर पंख आवरून आपले बोलणे ऐकण्याची विनवणी करतो. कवी भूमीवर खिळलेला, क्रौंचांची रांग मात्र पुढे जाणारी. क्रौंच हा विरही नव्हे. तो विरहाचा श्रोता आहे. त्याच्या गतीमुळेच कवीची अगतिकता उत्कट होते.

गुलिस्तान (1813) आणि तुर्कमेनचाय (1828) येथील तहांनी हा प्रदेश रशिया व इराण यांत विभागला गेला आणि अरास नदी बहुतांशी सीमा ठरली. सीमा न जाणणाऱ्या क्रौंचांत या विभाजनाची व्यथा वाचण्याचा मोह म्हणूनच स्वाभाविक आहे. तथापि वागिफचा मृत्यू 1797 मधला. प्रतीक फाळणीपूर्वीचे आहे. इतिहासाने ते निर्माण केले नाही. उत्तरकालीन श्रोत्यांना त्यात नवा अर्थ सापडण्यास वाव मात्र दिला.

विसाव्या शतकातील 'आयरिलिग' ('वियोग') या गीताने ही मर्यादा स्पष्ट होते. इराणमधील अली सलीमी यांनी स्वरबद्ध केलेले हे गीत बाकूच्या रशीद बेहबूदोव यांच्या कंठातून लोकप्रिय झाले. त्यात पक्षी नाही, तरी विरह उणावत नाही. सीमेपलीकडे पोहोचण्याचे क्रौंचाचे कार्य येथे गीतानेच पत्करले आहे. म्हणून पक्ष्यांची केवळ सूची करण्यापेक्षा पक्षी कोण गातो, कोण ऐकतो आणि कोण निघून जातो, याचा विवेक अभ्यासकाने करावयास हवा.