जळलेला हात आणि चरित्रकाराचें इमान

कलावंताचें चरित्र लिहिणें हें सोपें काम आहे असा एक समज सर्वत्र रूढ आहे. चार आख्यायिका, दोन-तीन लहरीपणाच्या गोष्टी, थोडें दारिद्र्याचें वर्णन आणि अखेरीस अकालमृत्यूवर ढाळलेले अश्रु, एवढी सामग्री जमली कीं चरित्र सिद्ध झालें असें मानणारे लेखक थोडे नाहींत. आणि दुर्दैवानें त्यावर संतुष्ट होणारे वाचकही थोडे नाहींत. या समजुतीनें केवळ तारखा चुकतात असें नव्हे, तर कलेचें मोलच चुकीचें ठरतें. हें पाहावयाचें असेल तर जॅझ-संगीतांतील सुप्रसिद्ध गिटारवादक जँगो राइनहार्ट याच्या चरित्राकडे वळावें.

जँगोचा जन्म २३ जानेवारी १९१० रोजीं बेल्जममधील लिबर्शी या गांवीं, एका भटक्या रोमा कुटुंबांत झाला. आणि १६ मे १९५३ रोजीं, वयाच्या अवघ्या ४३ व्या वर्षीं, फ्रान्समध्यें त्याचा अंत झाला. जॅझ ही अमेरिकेंतील कृष्णवर्णीय समाजानें जन्मास घातलेली कला. युरोपांत जन्मलेल्या ज्या मोजक्या वादकांची मुद्रा तिच्यावर कायमची उमटली, त्यांत याचें नांव प्रथम घ्यावें लागतें. १९३४ मध्यें व्हायोलिनवादक स्टेफान ग्रापेली याच्यासह त्यानें पॅरिस येथें जें पंचक उभें केलें, त्यांत एक व्हायोलिन, तीन गिटारी आणि एक डबल बास एवढींच वाद्यें होतीं. ढोल नाहीं, तुतारी नाहीं. आणि तरीही तें जॅझच होतें.

हा मनुष्य जवळजवळ निरक्षर होता. त्यानें आत्मचरित्र लिहिणें संभवतच नव्हतें. अशा मनुष्याचा चरित्रकार हा एका अर्थीं त्याचा मुखत्यार होय. मुखत्यारानें खोटी सही ठोकली तर ती नाकारावयास येथें धनी येऊं शकत नाहीं. म्हणून सामान्य चरित्रकारापेक्षां याची जबाबदारी अधिक, असें आम्ही समजतों.

जँगोचा पहिला महत्त्वाचा चरित्रकार शार्ल दलोने. तो जँगोचा स्नेही, त्याच्या ध्वनिमुद्रणांशीं निकटचा संबंध असलेला आणि जॅझचा व्यासंगी अभ्यासक. १९३६ सालीं त्यानें 'हॉट डिस्कोग्राफी' नांवाची जॅझच्या तबकड्यांची सूची प्रसिद्ध केली. कोणती तबकडी कोठें व केव्हां मुद्रित झाली, तींत कोण कोण वाजवीत होते, तिचा क्रमांक काय, याची नोंद त्यानें हिशेबनिसाच्या काटेकोरपणानें केली आहे. याच दलोनेनें जँगोच्या मृत्यूनंतर, १९५४ मध्यें, त्याच्यावर पुस्तक लिहिलें आणि त्यास 'आठवणी' असें उपपद दिलें. पहिलें पुस्तक सूचीकाराचें, दुसरें मित्राचें. मित्राच्या पुस्तकांत जिव्हाळा आहे, गोष्टींची रेलचेल आहे, आणि तें तसें असावयास आमची हरकत नाहीं. लेखकानें त्यास आठवणी म्हटलें, दस्तऐवज म्हटलें नाहीं. दोष आहे तो मागून आलेल्या लेखकांचा. त्यांनीं आठवणी उचलल्या आणि सूची कपाटांतच ठेवली. मग इतिहासाच्या जागीं बखर तयार झाली.

या बखरींतील सर्वांत गाजलेलें विधान म्हणजे 'जँगो दोनच बोटांनीं गिटार वाजवीत असे' हें. मूळ घटना खरी आहे. १९२८ च्या शरदऋतूंत, पॅरिसच्या वेशीबाहेर, त्याच्या लाकडी घरगाडीस रात्रीं आग लागली. पत्नीनें विक्रीसाठीं केलेलीं सेल्युलॉइडचीं फुलें गाडींत भरलेलीं होतीं, आणि मेणबत्तीच्या ज्योतीनें त्यांनीं पेट घेतला. डाव्या हाताची अनामिका व करंगळी कायमचीं आखडलीं. परंतु निरुपयोगी झालेलीं नव्हेत! एकट्यानें स्वरावलि वाजवितांना तर्जनी व मधलें बोट हींच धांवत, हें खरें. पण स्वरमेळ धरतांना तीं आखडलेलीं बोटेंही तारांवर टेंकविलीं जात. ज्यांनीं त्याच्या वादनाचे चित्रपट व छायाचित्रें बारकाईनें न्याहाळलीं, त्यांनीं हें दाखवून दिलें आहे.

कोणी म्हणेल, 'दोन बोटें काय, साडेतीन काय, श्रोत्यास काय त्याचें?' आमचें उत्तर असें कीं, 'दोन बोटें' म्हटलें कीं चमत्कार होतो आणि चमत्कारापुढें हात जोडून विचार थांबतो. पंगु बोटांनाही एक एक काम वांटून दिलें होतें असें म्हटलें कीं तेथें मेहनत दिसूं लागते. महिनेच्या महिने अंथरुणावर पडून, मोडक्या हाताशीं तडजोड करीत, नवा बोटक्रम शोधणारा एक अठरा-एकोणीस वर्षांचा तरुण दिसूं लागतो. दंतकथा त्यास दैवी बनविते आणि त्याचे श्रम त्याच्याकडून हिरावून घेते.

तीच गोष्ट क्रमाची. आगीपूर्वींच, १९२८ मध्यें, जँगोचें वादन तबकडीवर उतरलें होतें. परंतु त्यांत तो बॅन्जो वाजवितो, तोही अॅकॉर्डियनवादकाचा साथीदार म्हणून. तबकडीवर त्याचें नांव 'जियांगो रेनार' असें छापलें गेलें. ज्यास स्वतःचें नांव लिहितां येत नव्हतें, त्याचें नांव दुसऱ्यानें कानानें ऐकून लिहिलें, आणि फ्रेंच भाषेंत राइनहार्टचा कोल्हा झाला! हसण्यावारी नेण्याजोगी ही चूक खरें पाहतां मोठी साक्ष देते. सबंध हाताचें जें वादन आपल्या हातीं आहे तें साथीच्या बॅन्जोचें. ज्या गिटारवादनानें जग थक्क झालें तें सर्वच्या सर्व जळलेल्या हाताचें आहे. 'आगीनें एका थोर गिटारवादकाचा अर्धा हात नेला' असें लिहिणारे लेखक पुरावा उलटा वाचतात.

आतां एक मोह खास आपल्या वाचकांचा. 'जँगो' या नांवाचा अर्थ 'मी जागा होतों' असा सांगितला जातो. रोमा भाषेचें मूळ भारतांत आहे हें भाषाशास्त्रानें सिद्ध केलें आहे, आणि तिच्यांतील जागें होण्याचा धातु आपल्या 'जागणें' या धातूचा सखा भाऊ आहे. हें वाचून मराठी वाचकाचा ऊर भरून यावा हें स्वाभाविक होय. परंतु एवढ्यावरून त्याच्या गिटारींत आपले राग शोधूं लागणें म्हणजे धातुसाधनिकेनें संगीत सिद्ध करण्यासारखें आहे. तो वाढला पॅरिसच्या नाचघरांतील अॅकॉर्डियनच्या संगीतांत. आणि १९३१ मध्यें तुलाँ येथें एका चित्रकाराच्या घरीं लुई आर्मस्ट्राँगच्या तबकड्या कानीं पडल्या तेव्हां त्यास आपली वाट सांपडली. प्रिय वाटणारें अनुमान हें अप्रिय अनुमानापेक्षां दुप्पट तपासून घ्यावें.

सर्वांत गंभीर प्रश्न युद्धकाळाचा. १९३९ च्या सप्टेंबरांत युद्ध सुरू झालें तेव्हां पंचक इंग्लंडांत होतें. ग्रापेली तेथेंच राहिला, जँगो फ्रान्सला परतला. जर्मनांच्या ताब्यांतील पॅरिसमध्यें त्याची कीर्ति शिगेस पोंचली. १९४३ मध्यें त्यानें स्वित्झर्लंडकडे निसटून जाण्याचा यत्न केला. तो पकडला गेला, आणि जॅझचा शोकी असलेल्या एका जर्मन अधिकाऱ्यानें त्यास सोडून दिलें, असें चरित्रें सांगतात. या एका प्रसंगावरून 'संगीतापुढें क्रौर्यही नमलें' असा सिद्धान्त काढण्यांत येतो. पण त्याच राजवटीनें लक्षावधि रोमा स्त्रीपुरुषांची व बालकांची हत्या केली. त्यांतही वादक होते. त्यांच्या वाद्यांपुढें कोणी नमलें नाहीं. आणि दुसऱ्या यत्नांत जँगोला सरहद्दीवरून परत लावणारे पहारेकरी जर्मन नव्हते, स्विस होते. एकाची सुटका सांगून बाकीच्यांचा मृत्यु गाळणें ही तपशिलाची चूक नव्हे. तो मृतांवरील अन्याय होय.

अमेरिकन लेखक मायकेल ड्रेग्नी याचें २००४ सालचें चरित्र या बाबतींत पुष्कळच पुढचें पाऊल आहे. त्यानें रोमा लोकांच्या तोंडच्या हकीकती आणि लेखी पुरावा यांची सांगड घातली. प्रसंग रंगवून सांगण्याचा मोह त्यालाही पुरता आवरलेला नाहीं, आणि ग्रंथाच्या उपनामांतच त्यानें 'आख्यायिका' या अर्थाचा शब्द योजला आहे, हें सूचक आहे. तथापि जँगो ज्या समाजांतून आला त्या समाजास त्यानें नुसता रंगीबेरंगी पडदा म्हणून वापरलें नाहीं, हें त्याचें श्रेय मान्य केलें पाहिजे.

आख्यायिका चरित्रांतून हद्दपार कराव्या असें आमचें म्हणणें नाहीं. लोकांनीं एखाद्या कलावंताविषयीं काय रचलें हीही एक वस्तुस्थितीच आहे. फक्त ती आख्यायिका म्हणून सांगावी, घडलेली गोष्ट म्हणून नव्हे. जँगोचा पुढील चरित्रकार जेव्हां लेखणी उचलील तेव्हां त्यानें प्रथम तबकड्यांची सूची उघडावी, तारखांच्या क्रमानें त्या ऐकाव्या, आणि मगच लोकांच्या गोष्टींस कान द्यावा.