ठिपक्यांवरून गिरवलेले अक्षर

जळगावच्या एका परिचित दाम्पत्याने आपल्या सहा वर्षांच्या मुलीला घरीच शिकवायचे ठरवले आहे. लेखनासाठी कोणती पद्धत घ्यावी, असे विचारत त्यांनी बाजारातल्या चार सुलेखन वह्या आमच्यापुढे ठेवल्या. चारही एकाच साच्यातल्या. वर चित्र, खाली तेच अक्षर ठिपक्यांनी ओळीओळीने छापलेले, आणि सुरुवात अर्थातच 'अ'पासून. मुलीने दोन वह्या संपवल्या होत्या. पाने पाहून कोणीही शाबासकी दिली असती. पाटीवर 'क' काढायला सांगितले, तेव्हा तिने काना काढला, तोही खालून वर, आणि ती थांबली. "वहीत येतो मला," ती म्हणाली.

ती खरेच बोलत होती. ठिपके जोडताना हात कोठून निघाला, कोणत्या दिशेने वळला, याची खूण पानावर उरत नाही. उलट्या क्रमाने काढलेला 'क'ही सुबकच दिसतो. चूक झाकणारे साधन शिकवण्याच्या कामाचे नाही, असे आमचे मत आहे.

या मताला प्रयोगाचाही थोडा आधार आहे. इंडियाना विद्यापीठातील कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगेलहार्ट यांनी २०१२ मध्ये, अजून वाचायला न शिकलेल्या सुमारे पाच वर्षांच्या १५ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांनी काही अक्षरे स्वतः पाहून लिहिली, काही गिरवली, काही कळफलकावर टंकली. नंतर तीच अक्षरे दाखवून मेंदूचे चुंबकीय प्रतिमाचित्रण केले. वाचनाशी संबंधित भाग जागा झाला तो स्वतः लिहिलेल्या अक्षरांमुळे. गिरवलेल्या वा टंकलेल्यांमुळे तसे झाले नाही. मुले थोडी, लिपी रोमन, तेव्हा हा निष्कर्ष देवनागरीवर जसाच्या तसा लादता येणार नाही. पण एक कारण पटण्याजोगे आहे. मुलाने काढलेले प्रत्येक 'म' वेगळे, वाकडेतिकडे असते, आणि त्या वेगळेपणातूनच 'म'पण कशात आहे ते त्याला उमगत असावे.

येथे कोणी माँटेसोरींची खरकागदी अक्षरे पुढे करील. तेही गिरवणेच, मग ते कसे चालते? तेथे बोट अखंड आकारावरून ठरलेल्या दिशेने फिरते, शिक्षिका शेजारी बसून पाहते, आणि पुढे मूल कोऱ्या जागेवर लिहिते. साठ मुलांच्या वर्गात शिक्षक ठिपक्यांच्या वहीकडे वळतात, ते आम्ही समजू शकतो. घरी एकच मूल असताना ती सबब उरत नाही.

दुसरा दोष अक्षरांच्या क्रमाचा. 'अ' वर्णमालेत पहिला असला तरी हाताला अवघड आहे. त्याआधी ग, म, भ, न ही एका घराण्यातली अक्षरे घ्यावीत. मग व, ब, क. एक वळण बसले की पुढचे अक्षर अर्धे आलेलेच असते. आपले अनेक शिक्षक हे फार पूर्वीपासून जाणतात. वह्या छापणाऱ्यांपर्यंत ते का पोहोचत नाही, कोण जाणे! शिरोरेषा शब्द पुरा झाल्यावर द्यावी. (मोडीत उलट होते: आधी ओळभर रेघ, मग तिच्याखाली अक्षरे.) इंग्रजी पुस्तकांतला सुट्या आणि जोड अक्षरांचा वाद मात्र देवनागरी शिकवताना मनावर घेण्याचे कारण नाही.

पाटी, खडू, अंगणातली माती एवढे साहित्य पुरे, असे आम्ही त्या पालकांना सांगितले. आईची शंका रास्त होती: "अक्षरे यायला वर्ष लागले, तर तोवर हिने लिहायचे काय?" जळगावातच याचे उत्तर आहे. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. त्यांच्या ओव्या-गाणी सोपानदेवांनी आणि एका आप्ताने ऐकून टिपून ठेवली, म्हणून १९५२ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. मुलीने सांगावे, आईने तिच्यासमोर ठळक अक्षरांत लिहावे, अगदी ती बोलते तसे, अहिराणीतसुद्धा. त्यातली हाताला आलेली अक्षरे तिने खाली स्वतः काढावीत. पहिल्या दिवशी तिने शेजारच्या बकरीविषयी चार वाक्ये सांगितली आणि त्यांतले तीन 'म' पाटीवर काढले. तिसरा बराच तिरका होता, पण काना वरून खाली आला होता.