वेगापलीकडची निवड

माहितीपत्रक वाचून निर्णय घ्यायची सवय आपल्या धंद्याला लागली आहे. इन-मेमरी डेटाबेस असो की डेटा ग्रिड, पत्रकात मोठ्या अक्षरात एकच शब्द: वेग. आमचा आक्षेप नेमका त्यावर आहे. दोन्हीकडे माहिती रॅममध्येच असते, मग नुसत्या वेगावरून निवड करायची कशी?

खरा फरक भरवशाचा आहे. सॅप हाना हा डेटाबेस बघा. माहिती मेमरीत असली, तरी व्यवहार कमिट झाला असं सांगण्याआधी तो डिस्कवरच्या लॉगमध्ये नोंद करतो. हेझलकास्ट हे ग्रिड. त्यातल्या मॅपचे मुळात 271 भाग पडतात, ते यंत्रांमध्ये वाटले जातात, आणि प्रत्येक भागाची एक प्रत दुसऱ्या यंत्रावर राहते. यंत्र वाढवलं की वाटणी आपोआप बदलते. म्हणजे पहिल्याची भिस्त डिस्कवर, दुसऱ्याची शेजाऱ्यावर.

हे आम्हाला ठेच लागून कळलं. एका प्रवासी कंपनीच्या आरक्षणासाठी आम्ही ग्रिड निवडलं. चाचणीत एक यंत्र बंद पाडलं, काही बिघडलं नाही, आम्ही खूश! पुढे एका रात्री अख्ख्या खोलीची वीज गेली. मूळ आणि प्रत, दोन्ही त्याच खोलीत. त्या दिवसाची आरक्षणं प्रवाशांच्या मोबाइलवरचे एसएमएस मागवून पुन्हा भरावी लागली. दोष ग्रिडचा नव्हता, शेजारी कुठे राहतो हे न विचारणाऱ्या आमचा होता.

मग ग्रिड वाईट का? अजिबात नाही. एका ग्राहकाचं सगळं काम एकाच किल्लीशी निगडित असेल, तर ग्रिडमध्ये हिशेबच माहितीपाशी पाठवता येतो, माहिती नेटवर्कवरून ओढावी लागत नाही. पण महिनाअखेरीला दहा तक्ते जोडून बघायचे असतील, तर तेच विखुरलेले भाग अंगावर येतात. तिथे डेटाबेसच बरा.

आता नावांवरही विसंबू नका. व्होल्टडीबी डेटाबेस म्हणवतो, पण माहितीचे भाग पाडतो. अपाचे इग्नाइट एसक्यूएलही देतं आणि डिस्कवर साठवणंही. म्हणून विक्रेता आला की वेग शेवटी विचारा. आधी विचारा: सगळी वीज गेली तर सकाळी काय उरेल? आणि एका प्रश्नाच्या उत्तरासाठी किती यंत्रांची दारं ठोठवावी लागतील?