धनाग्र नावाचे ऋण टोक

रसायनशास्त्राच्या मराठी परिभाषेचे परीक्षण भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने करावे, हे काहींस अनधिकार वाटेल. परंतु बोरोहायड्राइड हे इंधन वापरणाऱ्या विद्युत्‌घटाविषयी मराठीत चार वाक्ये लिहू गेल्यास पहिल्याच संज्ञेपाशी अडखळावे लागते, आणि ती अडचण रसायनाची नाही.

ज्या अग्रावर इंधनाचे ऑक्सिडीभवन होते त्या अ‍ॅनोडास मराठीत ‘धनाग्र’ हा प्रतिशब्द रूढ आहे. विद्युत्‌विच्छेदनात तो यथार्थ होय. इंधनघटात मात्र इलेक्ट्रॉन याच टोकातून बाहेरच्या मंडलात जातात. म्हणजे धनाग्र हे घटाचे ऋण टोक ठरते. फॅरडेने 1834 मध्ये मूळ संज्ञा योजिली ती ‘वर जाणारी वाट’ एवढ्याच अर्थाची. विद्युत्‌प्रवाहाच्या कोणत्याही उपपत्तीशी ती बांधली जाऊ नये, हा त्याचा हेतू होता. भाषांतरात आपण ती बांधून टाकली. बर्डीवरील दुकानदार सेलच्या टोकांस ‘प्लस’ व ‘मायनस’ म्हणतो आणि चुकत नाही, कारण तो चिन्हाचेच नाव घेतो.

नागपुरास राहून डॉ. रघुवीर यांनी ऑक्सिजनास ‘जारक’ व सोडियमास ‘क्षारातु’ म्हटले. त्या शब्दांची थट्टा पुष्कळ झाली, काही अंशी ती रास्तही होती. तथापि ‘आतु’ ऐकताच पदार्थ धातू आहे हे कळे. ‘धनाग्र’ शब्द सुबोध आहे, आणि तरीही तो फसवतो.

याहून विचारार्ह प्रश्न विभक्तीचा आहे. ‘निकेलवर ऑक्सिडीभवन होते’ असे आपण लिहितो. धातू केवळ अधिकरण. पण बोरोहायड्राइडच्या एका आयनापासून तत्त्वतः 8 इलेक्ट्रॉन मिळावयास हवेत. इंडिग व स्नायडर यांनी 1962 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत निकेलवर ते 4 च्या आसपास मिळाले. प्लॅटिनमवर इंधनाचा काही भाग पाण्याशी संयोग पावून हायड्रोजनरूपाने निसटतो. सोन्यावर ही हानी कमी, म्हणून संख्या 8 च्या निकट जाते; मात्र क्रिया मंद असते, आणि सोन्यावरही हायड्रोजन सुटतो असे पुढे आढळले. धातू बदलताच क्रियेचे फळ बदलत असेल, तर ‘वर’ हा शब्द अपुरा आहे. व्याकरणाच्या परिभाषेत क्रियासिद्धीस सर्वाधिक उपकारक ते करण. धातूचे स्थान तेथे आहे. ‘निकेलच्या योगाने’ असे लिहिल्यास वाक्य थोडे लांबेल. अ‍ॅनोडास मात्र अ‍ॅनोडच म्हणावे.