मुखपृष्ठावरील बद्ध नायिका

अमेरिकन चित्रकथांच्या १९४० नंतरच्या मुखपृष्ठांवर दोन स्त्रीप्रतिमा वारंवार आढळतात. ‘प्लॅनेट कॉमिक्स’वर विक्राळ परग्रहवासीयाच्या तावडीतील तरुणी व तिला सोडविणारा वीर ही रचना रूढ होती, ‘जंबो कॉमिक्स’वरील वनकन्या शीना मात्र स्वतःच शस्त्र उगारते. मॅट बेकर यांची मानली जाणारी ‘फँटम लेडी’च्या १७ व्या अंकाची (१९४८) मुखपृष्ठाकृती या दोहोंचा संगम होय. नायिका दोरांनी जखडलेली आहे. परंतु सोडविणारा वीर तेथे नाही, सुटकेची धडपड तिचीच आहे.

मनोविकारतज्ज्ञ फ्रेड्रिक वर्थम यांनी १९५४ च्या आपल्या ग्रंथात हे चित्र छापून त्यातील कामुकतेवर बोट ठेवले. हा आक्षेप निराधार नव्हे. देहाची मांडणी पाहणाऱ्याच्या नजरेसाठीच आहे. तथापि त्यांनी बंधनास जे महत्त्व दिले, ते धडपडीस दिले नाही. त्याच वर्षीच्या कॉमिक्स संहितेनेही स्त्रीदेहाच्या अतिरंजित चित्रणास मनाई केली. चित्रातील कर्तृत्व कोणाचे, हा प्रश्न अस्पर्शितच राहिला. पुनरावृत्त प्रतिमेच्या अभ्यासात वेष आणि क्रिया ही दोन्ही अंगे एकत्र तपासावी लागतात. एकावरच विसंबणारी समीक्षा एकांगी ठरते.