वाईचा घाट, चरणपूरची पाटी

सिनेमा पाहून झाल्यावर तो जिथे घडला ती जागा पाहायला जाणं, ही आता एक रीतसर सहल झाली आहे. आज आपण या सहलीचीच समीक्षा करू, आणि उदाहरण घेऊ वाईचं.

आधी यादी पाहा. ‘मृत्युदंड’ (१९९७) आणि ‘गंगाजल’ (२००३) यांत वाई परिसर बिहार झाला. ‘स्वदेस’मध्ये (२००४) मेणवलीचा घाट उत्तर प्रदेशातल्या चरणपूरचा झाला. ‘दबंग’मध्ये (२०१०) लालगंज, आणि ‘चेन्नई एक्सप्रेस’मध्ये (२०१३) थेट तमिळ मुलूख. म्हणजे या गावानं पडद्यावर अर्धा हिंदुस्थान वठवला, पण या पाचही चित्रपटांत ते वाई म्हणून नाही.

असं का झालं? कारणं साधी आहेत. मुंबईहून युनिटच्या गाड्या काही तासांत पोचतात, राहायला पाचगणी जवळ आहे. नदी, दगडी घाट, देवळं, वाडे, शेतं, डोंगर, वरच्या अंगाला धोम धरणाचं पाणी, हे सगळं काही किलोमीटरांच्या आत सापडतं. वाईला ‘दक्षिण काशी’ म्हणतातच, तेव्हा उत्तरेचा भास उभा करायला फार खटपट पडत नाही. चित्रीकरणातून गावातल्या काही हातांना कामही मिळतं. सिनेमानं एका जागेला दुसरी जागा म्हणून दाखवलं, यात आम्हाला गैर काहीच वाटत नाही. तो त्या कलेचा धर्मच आहे.

आमचा आक्षेप सहलीवर आहे. सिनेमानं गावाचं नाव पुसलं ते गोष्टीच्या गरजेपोटी. सहल तर त्या गावातच उभी असते, तरी ती तेच करते. ‘इथे शाहरुख बसला होता’, ‘इथे ते गाणं झालं’, आणि फोटो काढून मंडळी पुढे. समोरचा काळा दगड, त्याची घडण, तो कोणी आणि कशासाठी रचला, हे कोणी विचारत नाही.

गणपती आळीच्या घाटावरचंच घ्या. ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधलं. त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची, निमुळती आहे. कृष्णेला पूर आला की पाणी त्या टोकावर आपटून दोन्ही बाजूंनी निघून जावं, अशी ती योजना. कॅमेऱ्याला शिखर दिसतं, कारण ते चौकटीत सुंदर बसतं. भिंत दिसत नाही. पण या गावाचं नदीशी नातं काय आहे, हे ती भिंतच सांगते.

आता ‘स्वदेस’कडे येऊ, कारण या यादीतला आम्हाला सर्वांत जवळचा चित्रपट तोच. आपल्या मातीकडे परतणं आणि गावानं स्वतःच्या पाण्यावर स्वतःची वीज करणं, ही त्याची गोष्ट. या गोष्टीचं नातं अनेकदा नर्मदा खोऱ्यातल्या बिलगावच्या लहान जलविद्युत प्रकल्पाशी जोडलं गेलं आहे. बिलगाव म्हणजे आपल्या नंदुरबार जिल्ह्यातलं आदिवासी गाव. म्हणजे गंमत बघा: ज्या कामाशी ही गोष्ट जोडली जाते ते महाराष्ट्रात, चित्रीकरण महाराष्ट्रात, आणि मधलं कथेतलं गाव तेवढं उत्तर प्रदेशात. मोठ्या हिंदी प्रेक्षकासाठी ‘भारतातलं खेडं’ म्हटलं की ते हिंदी बोलणारंच असायला हवं, ही सवय इथे काम करते. चित्रपट प्रामाणिक आहे, पण ही सवय त्यालाही सुटली नाही. मेणवलीला गेलेल्या सहलीनं निदान एवढं तरी बोलायला हवं. ती बिलगावचं नावसुद्धा घेत नाही.

मेणवली म्हणजे नाना फडणवीसांचं गाव. त्यांचा वाडा तिथे उभा आहे, मेणवली दप्तराची कागदपत्रं इथलीच. घाटावर मेणेश्वराच्या देवळाजवळ एक मोठी घंटा टांगलेली आहे. ती मूळची चर्चमधली. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, त्या मोहिमेतून ती आल्याचं सांगतात. तिच्यावर १७०७ हे साल आहे आणि मेरी व बाळ येशूची आकृती आहे.

ही घंटाही परक्या जागी, परक्या भूमिकेत आहे. लुटीतून आली, हेही खरं. तरी तिच्यावरचं साल आणि मेरी कोणी घासून काढली नाही. ती शंकराच्या दारात टांगलेली आहे आणि आपण मुळात कोण होतो हे अंगावर वागवते आहे. सिनेमातल्या वाईला एवढीही सवलत मिळाली नाही. निदान प्रत्यक्ष वाईत उभ्या असलेल्या सहलीनं ती द्यावी.

म्हणून आमची सूचना साधी आहे. चित्रीकरणाची सहल जरूर करा. पण प्रत्येक ठिकाणी दोन प्रश्न विचारा: कॅमेऱ्यानं इथलं काय घेतलं, आणि काय चौकटीबाहेर ठेवलं? दुकानांच्या मराठी पाट्या, बोली, नेसण्याची तऱ्हा, देवळापुढची दीपमाळ, यातलं काय पडद्यावर उरलं? चित्रपट एकदा घरी बघा, मग घाटावर जा, मग परत बघा. दुसऱ्यांदा बघताना चरणपूरच्या मागे मेणवली दिसू लागते. तिथून पुढे तुम्ही त्या चित्रपटाचे जाणते प्रेक्षक होता.

आणि वाईत आहातच, तर एक थांबा यादीत घाला. मराठी विश्वकोशाचं काम ज्या गावात चाललं ते हेच. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथलेच. मराठीतून जगाची ओळख करून देणाऱ्या या गावाची ओळख आपल्याला केवळ दुसऱ्या गावांच्या नावांनी राहू नये, एवढंच आमचं म्हणणं.

आता प्रश्न घेऊ.