दुसरे मत, पहिला पहारा नव्हे

शाळेच्या संगणकात एक विषाणूरोधक असताना दुसरा कशाला? आमच्या मते तो हवा. पण सांगितल्यावरच तपासणारा. सतत जागे असलेले दोन पहारेकरी एकाच फाईलवर झडप घालतात आणि संगणक मंदावतो. २००२ साली सुरू झालेला मोफत ‘क्लॅमएव्ही’ विंडोजवर सांगितल्याशिवाय फाईल तपासत नाही. म्हणून दुसऱ्या मतासाठी तो सोयीचा. एकट्याच्या भरवशाचा मात्र नाही. ६८ बाइटांची निरुपद्रवी ‘आयकार’ चाचणी-फाईल त्याने पकडली, तर तो चालू आहे एवढेच सिद्ध होते. नवा विषाणू पकडेलच असे नव्हे. त्याने गुणपत्रकाच्या फाईलवर ठपका ठेवला, तर ती लगेच पुसू नये, अलग ठेवावी. दोन साक्षी जुळत नसतील तर निकालाची घाई करू नये, हे आपण प्रयोगशाळेतही शिकवतोच ना?